बोटीवरचा पंक्तिभेद: स्वीट घेतला की काय मिळतं, आणि जेवणाचं पॅकेज घ्यावं का?

मुंबईत इंदिरा डॉकवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सिंगापूर-मलेशियाच्या टूरला तीन-चार रात्रींची क्रूझ जोडण्याची पद्धत तर त्याच्याही आधीपासूनची. त्यामुळे ज्यांनी आजवर मांडव्याच्या लाँचपलीकडे बोट पाहिली नव्हती, त्यांच्या हातात आता क्रूझचं कोटेशन येऊ लागलं आहे. त्यात लिहिलेलं असतं: 'ज्युनिअर स्वीट', 'स्काय क्लास', 'अनलिमिटेड डायनिंग', आणि खाली बारीक अक्षरात 'ग्रॅच्युइटी एक्स्ट्रा'. काही एजंट 'स्वीट'चं स्पेलिंग बघून 'सूट' असं लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी सवलत मिळते आहे. प्रत्यक्षात ती बोटीवरची सगळ्यात महाग खोली असते.

उदाहरणासाठी मराठी कुटुंबांच्या नेहमीच्या वाटेवरचीच क्रूझ घेऊ: सिंगापूरहून पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत येणारी, चार रात्रींची, रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपनीची.

## तिकिटात मुळात काय येतं

अगदी साध्या, बिनखिडकीच्या खोलीच्या तिकिटातही चार रात्रींचं राहणं, दिवसभराचं जेवण, पोहण्याचे तलाव, नाटक-गाण्यांचे कार्यक्रम आणि प्रवास एवढं सगळं येतं. जेवण म्हणजे बुफे, मेन डायनिंग रूम आणि पिझ्झा-सँडविचचे छोटे काउंटर. मेन डायनिंग रूम म्हणजे टेबलावर वाढणारं मोठं भोजनगृह. सूप किंवा स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड, असं तीन टप्प्यांचं जेवण तिथे रोज रात्री मिळतं. साधं पाणी, बुफेतला चहा, मशीनची कॉफी हेही धरलेलं असतं.

दारू, बाटलीबंद सरबतं, चांगल्या मशीनची कॉफी, इंटरनेट, बंदरावरच्या सहली आणि स्पेशालिटी रेस्टॉरंट यांचे पैसे वेगळे. स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणजे बोटीवरचंच, पण जादा पैसे घेणारं हॉटेल: स्टेकहाऊस, जपानी, इटालियन वगैरे. काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम घेतात, तिला कव्हर चार्ज म्हणतात. काही ठिकाणी मेन्यू कार्डावरच्या किमतीप्रमाणे बिल होतं.

ग्रॅच्युइटी ही नावाने बक्षिसी असली तरी ती रोजच्या रोज आपोआप खात्यावर पडते. रॉयल कॅरिबियनचा अलीकडचा दर साध्या खोलीला माणशी दिवसाला १८.५० डॉलर, स्वीटला २१ डॉलर असा आहे. मुलांनाही तो लागतो. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे २९६ डॉलर होतात, म्हणून कोटेशनमध्ये ते धरलेत का, हा एजंटला विचारायचा पहिला प्रश्न.

## खोल्यांची उतरंड

खालून वर असा क्रम: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. पहिल्या तिघींत फरक फक्त खोलीचा असतो. खोलीबाहेर पडलात की सगळे सारखे, एकाच बुफेच्या रांगेत. स्वीटपाशी हे बदलतं. तिथे खोलीबरोबर हक्क येतात.

मुंबईच्या लोकलचा फर्स्ट क्लास आठवा. गाडी तीच, स्टेशनं तीच, पोहोचायची वेळही तीच. पास वेगळा असला की डबा वेगळा, एवढंच. मात्र बोटीवर या फर्स्ट क्लासच्या आत आणखी डबे आहेत आणि काहींच्या दारावर पाटी असूनही आत सेकंड क्लासच निघतो.

## 'स्वीट' या शब्दावर जाऊ नका

पहिल्यांदा जाणारे सगळ्यात जास्त फसतात ते इथेच, म्हणून इथे जरा थांबू.

रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटींवर, म्हणजे 'अँथम ऑफ द सीज' किंवा 'ओव्हेशन ऑफ द सीज'सारख्यांवर, स्वीटच्या तीन पायऱ्या आहेत: सी, स्काय आणि स्टार.

सी क्लास म्हणजे बहुतेक वेळा ज्युनिअर स्वीट. खोली बाल्कनीच्या खोलीपेक्षा मोठी, न्हाणीघर ऐसपैस. स्वीटवाल्यांसाठी राखीव असलेल्या 'कोस्टल किचन' रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण मिळतं, सकाळ-दुपारचं नाही. स्वीट लाउंजमध्ये प्रवेश नाही, आणि कॉन्सिअर्ज म्हणजे टेबल-तिकिटांची सोय लावून देणारा माणूस, तोही नाही. गंमत बघा, ग्रॅच्युइटी लावताना कंपनी ज्युनिअर स्वीटला साध्या खोलीचाच दर लावते. म्हणजे जाहिरातीत स्वीट, हिशेबात साधी खोली.

स्काय क्लासपासून, म्हणजे ग्रँड स्वीट आणि त्यापुढे, खरे हक्क सुरू होतात. कोस्टल किचनमध्ये तिन्ही वेळचं जेवण, स्वीट लाउंज, कॉन्सिअर्ज, इंटरनेट आणि चढता-उतरताना वेगळी रांग.

स्टार क्लास सगळ्यात वरचा. त्यात स्पेशालिटी रेस्टॉरंट, पेयांचं पॅकेज आणि ग्रॅच्युइटी किमतीतच धरलेली असते. शिवाय 'रॉयल जिनी' नावाचा माणूस दिमतीला असतो. तो आधी ईमेल करून आवडीनिवडी विचारतो आणि बोटीवर सगळी आखणी करून देतो. दोन मजली रॉयल लॉफ्ट स्वीट याच गटातला.

याच कंपनीची 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' ही २०१९ ची बोट मात्र आशियातल्या बाजारासाठी बांधलेली. तिच्यावर सी-स्काय-स्टार नसून गोल्ड आणि सिल्व्हर असे स्वीटचे गट आहेत. कंपनी एक, आकार जवळपास सारखा, तरी नियम वेगळे. म्हणून 'माझ्या मेव्हण्याला गेल्या वर्षी लाउंज मिळालं होतं' या माहितीवर विसंबू नये. मेव्हण्याची बोट कोणती होती हे आधी विचारावं.

दुसऱ्या कंपन्यांतही अशी फसवी नावं आहेत. प्रिन्सेसचा 'मिनी स्वीट' ही मुळात मोठी बाल्कनीची खोली. नॉर्वेजियनचा 'क्लब बाल्कनी स्वीट' तसाच. उलट सिल्व्हरसी आणि रीजंट या महागड्या कंपन्यांच्या बोटींवर प्रत्येक खोलीलाच स्वीट म्हणतात, त्यामुळे तिथे त्या शब्दाला वेगळा अर्थच उरत नाही. आणि मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' १९९० सालचं. त्या काळी खोलीखोलीला बाल्कनी देण्याची चाल नव्हती. त्यामुळे अशा जुन्या बोटीवर अनेकदा बाल्कनी हवी म्हणूनच स्वीटच्या गटात जावं लागतं. तिथे पैसे बाल्कनीचे असतात, राखीव लाउंजचे नव्हेत.

तेव्हा एजंटला 'स्वीट आहे का?' असं न विचारता तीन गोष्टी लेखी मागा: खोलीचा नेमका कोड, त्या बोटीवर त्या कोडला मिळणाऱ्या सोयींची यादी, आणि त्यातली कुठली सोय कायमची आणि कुठली सध्याच्या ऑफरपुरती आहे ते.

## बोटीच्या आतली बोट

काही कंपन्यांनी हा भेद थेट भिंतीच घालून केला आहे. एमएससीचा 'यॉट क्लब' २००८ मध्ये 'एमएससी फँटासिया'पासून सुरू झाला. नॉर्वेजियनचं 'हेवन' आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमवरचं 'द पॅलेस' त्याच प्रकारचं. कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं दार, आत वेगळं रेस्टॉरंट, वेगळं सनडेक आणि बटलर. बाहेर चार-पाच हजार माणसांचा गलबला आणि आत दुपारी तीन वाजताही रिकाम्या खुर्च्या.

क्युनार्डच्या बोटींवर तर हा पंक्तिभेद उघड आणि जुना आहे. खोली ब्रिटानिया गटातली असेल तर जेवण ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये, प्रिन्सेस ग्रिल गटातली असेल तर प्रिन्सेस ग्रिलमध्ये, आणि त्याच्या वर क्वीन्स ग्रिल. कुठल्या पंगतीला बसायचं हे खोली ठरवते.

या बंदिस्त भागांतही काय मिळतं ते सारखं नसतं. यॉट क्लबमध्ये पेयं आणि इंटरनेट किमतीतच असतात. हेवनमध्ये जागा आणि माणसं राखीव मिळतात, पण पेयांचं पॅकेज हेवनमुळे मिळत नाही. ते त्या वेळच्या ऑफरमधून येतं. आणि अशा 'फ्री' पॅकेजवरही नॉर्वेजियन त्याच्या मूळ किमतीच्या २० टक्के ग्रॅच्युइटी लावते. फुकटातल्या वस्तूवर बक्षिसी द्यायची ही कल्पना पचायला वेळ लागतो, पण बिलात ती दिसते.

## मग स्वीट परवडतो का? कागदावर मांडू

खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. आपल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला.

समजा बाल्कनी माणशी ६०० डॉलर आणि स्काय क्लासचा स्वीट माणशी १,१०० डॉलर. नवरा-बायको दोघांचा फरक १,००० डॉलर. आता स्वीटमुळे कुठला खर्च खरोखर वाचेल तेवढाच धरायचा.

इंटरनेट दिवसाला २० डॉलर, दोन फोन, चार दिवस: १६० डॉलर. कोस्टल किचन असल्यामुळे स्पेशालिटीची दोन जेवणं टळली, दोघांची, पन्नास-पन्नासची: २०० डॉलर. स्वीट लाउंजमध्ये संध्याकाळी ठरावीक वेळात पेयं मोफत असतात. दोघं रोज दोन-दोन ग्लास घेत असतील तर १६ ग्लास, बाहेर १४ डॉलरला एक, म्हणजे २२४ डॉलर. एकूण ५८४. त्यातून स्वीटची जादा ग्रॅच्युइटी, अडीच डॉलर माणशी दररोज, म्हणजे २० डॉलर वजा. वाचले ५६४. मोठ्या खोलीचे आणि निवांतपणाचे म्हणून उरले ४३६ डॉलर, रात्रीला १०९.

दोघंही घेत नसतील तर २२४ गेले. मग तीच खोली रात्रीला १६५ डॉलर जादा पडते. आणि टूरवर मुलं फोनला चिकटू नयेत म्हणून इंटरनेट घ्यायचंच नव्हतं असं घर असेल, तर तेही १६० गेले आणि रात्रीला २०५ झाले. आपण एरवी ज्याच्यावर पैसे खर्च करणारच नव्हतो, त्या सोयीची किंमत आपल्यापुरती शून्य. कंपनीच्या यादीत तिच्यापुढे कितीही डॉलर लिहिलेले असोत.

पैशांत न मोजता येणारं काय, असं कोणी विचारेल. रांगा हा त्याचा प्रामाणिक भाग आहे. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन चाललेल्यांना चढताना-उतरताना उभं राहायला न लागणं मोठं वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण चार रात्रींच्या क्रूझमध्ये चढणं एकदा आणि शेवटचं उतरणं एकदा. सात रात्री आणि चार-पाच बंदरं असतील तर त्याची किंमत वाढते. छोट्या क्रूझला स्वीट घेणं म्हणजे क्लबहाऊसची वर्षाची फी भरून आठवडाभर राहण्यासारखं. चार रात्री, त्यात एक दिवस बंदरात, एक दिवस सामान लावण्यात. लाउंजमध्ये बसणार कधी?

खोलीबद्दल एक गोष्ट ब्रोशरमध्ये सापडणार नाही. स्वीट बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, आणि खोली जितकी वर आणि जितकी टोकाला, तितकं हलणं जास्त जाणवतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची साधी बाल्कनी स्वीटपेक्षा सुखाची ठरते.

## काका-काकूंचा स्वीट, आपली बाल्कनी: चालेल का?

एकत्र जाणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न हमखास निघतो. मोठ्यांना स्वीट द्यायचा आणि बाकीच्यांनी संध्याकाळी त्यांच्या लाउंजमध्ये जमायचं, असा बेत असतो. तो जमत नाही. हक्क खोलीला जोडलेले असतात आणि खोलीचं कार्ड दारावर तपासतात. काकांच्या खोलीत गप्पा मारायला हरकत नाही, पण कोस्टल किचनमध्ये त्यांच्या टेबलावर तुम्हाला बसता येणार नाही. परिणामी चार दिवस मोठी माणसं एका मजल्यावर आणि बाकीचं घर दुसरीकडे जेवतं. ज्यांनी सगळ्यांनी एका टेबलावर बसावं म्हणून क्रूझ ठरवली, त्यांनी सगळ्यांना बाल्कनी घेऊन मेन डायनिंग रूममध्ये दहा जणांचं टेबल मागावं. ते मिळतं, फक्त सगळ्यांची बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायला एजंटला आधी सांगावं लागतं.

एकाच स्वीटमध्ये तिसरं-चौथं माणूस असेल तर मात्र त्यालाही साधारण तेच हक्क मिळतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं तिकीट पहिल्या दोघांपेक्षा बहुधा स्वस्त असतं, त्यामुळे दोन मुलांच्या कुटुंबाला स्वीटचं गणित जोडप्यापेक्षा बरं बसतं.

## जेवणाचं पॅकेज: आधी थाळी, मग आ ला कार्ट

मेन डायनिंग रूम म्हणजे थाळी. पैसे आधीच दिलेले, वाढणं चालू. स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणजे आ ला कार्ट. आणि जेवणाचं पॅकेज म्हणजे खानावळीची कुपनं: एकदम घेतली की स्वस्त, पण जेवायला गेलो नाही तर बुडाली.

पॅकेजेस ढोबळमानाने दोन प्रकारची. ठरावीक जेवणांचं, उदाहरणार्थ तीन रात्रींचं, किंवा एक स्टेकहाऊस आणि एक आवडीचं. दुसरं अमर्याद: रोज रात्री कुठल्याही स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये, शिवाय बोट दिवसभर समुद्रात असेल त्या दिवशी दुपारचंही.

पुन्हा धरलेले आकडे घेऊ. एका रात्रीचा कव्हर चार्ज ५५ डॉलर, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे ६४.९०. चार रात्रींचं अमर्याद पॅकेज १५० डॉलर, त्यावरही १८ टक्के, म्हणजे १७७. दोनदा जेवलात तर सुटे पैसे १२९.८० होतात, पॅकेज तोट्यात. तिसऱ्या रात्री १९४.७० होतात, तिथे पॅकेज फायद्यात येतं. म्हणजे चारपैकी तीन रात्री मेन डायनिंग रूमकडे पाठ फिरवावी लागते. तुलना करताना १८ टक्के दोन्हीकडे लावा. बहुतेक जण फक्त एकीकडे लावतात आणि चुकीच्या बाजूला पडतात.

या गणितातही एक खड्डा आहे. 'अमर्याद' म्हणजे सगळीकडे अमर्याद नव्हे. सुशीचं 'इझुमी' किंवा तसली पदार्थागणिक बिल करणारी ठिकाणं पॅकेजमध्ये असली तरी तिथे ठरावीक रकमेपर्यंतच सूट असते, वरचे पैसे खात्यावर पडतात. दारू तर जेवणाच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतेच. स्टेकहाऊसमध्ये पॅकेजवर जेवूनही बिल येतं ते याचं. मेन्यू कार्डावर काही पदार्थांपुढे छोटा डॉलरचा आकडा छापलेला असतो, मोठ्या लॉबस्टरसारख्या पदार्थांपुढे. तो आकडा पॅकेजवाल्यांनाही लागू असतो.

लहान मुलांना अनेक कंपन्या स्पेशालिटीत नाममात्र दर लावतात आणि अगदी लहानांना काहीच नाही. त्यामुळे सहा-आठ वर्षांच्या मुलांसाठी पॅकेज घेणं जवळपास नेहमी नुकसानीचं. दर तपासून मगच घ्या.

पॅकेज एकाच्या नावावर घेऊन दोघांनी वाटून खाता येत नाही. खोलीतल्या एकाने घेतलं म्हणून सगळ्यांनी घ्यायचं, अशी अट दारूच्या पॅकेजला असते. रॉयल कॅरिबियनमध्ये एका प्रौढाने ते घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. जेवणाच्या पॅकेजला बहुधा ती नसते. पण तुमचं पॅकेज असेल आणि बायकोचं नसेल तर तिचे पैसे सुटे पडणार, किंवा तुम्ही एकट्याने मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं.

## शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे बुफेत भारतीय पदार्थ आणि मेन डायनिंग रूममध्ये एखादी भारतीय शाकाहारी डिश सहज मिळते. पहिल्याच रात्री हेडवेटरला सांगितलं की दुसऱ्या दिवशीपासून डाळ-भाजी-पोळीची सोय होते. मेन्यूवर नसलं तरी होते. आदल्या रात्री सांगावं लागतं, एवढंच. जैन जेवणासाठी मात्र बोटीवर चढून सांगून भागत नाही. कंपनीनुसार दीड ते तीन महिने आधी कळवावं लागतं, आणि 'जैन' एवढंच न लिहिता कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा अशी नावं लिहून द्यावीत. फिलिपिनो किंवा इंडोनेशियन आचाऱ्याला 'जैन' म्हणजे शाकाहारी एवढंच कळण्याचा संभव असतो.

गंमत अशी की हे सगळं तिकिटात आहे. जादा पैसे देऊन स्पेशालिटीत गेलात की शाकाहार पातळ होत जातो. स्टेकहाऊसमध्ये उरतात मशरूम, मक्याचं क्रीम, भाजलेला बटाटा आणि सॅलड, आणि त्या सॅलडच्या सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही ही मासळी घातलेली असते. जपानी रेस्टॉरंटचं मिसो सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा आधार दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. तेप्पान्याकीत आचारी समोरच्या तव्यावर कसरती करत शिजवतो. बघायला छान, पण कोळंबी आणि तुमचं टोफू एकाच तव्यावर. त्यातल्या त्यात इटालियन बरं. तिथेही पान्ना कोट्टात जिलेटिन असतं आणि खऱ्या पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट. ज्यांना हे चालतं त्यांचा प्रश्न नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी ५५ डॉलरच्या जेवणातलं दहा डॉलरचंच खाता येईल, हे धरून पॅकेजकडे बघावं. शाकाहारी घराला अमर्याद पॅकेज क्वचितच परवडतं. एखादी रात्र इटालियनला सुटे पैसे देऊन जावं आणि बाकी थाळी.

मांसाहारी मंडळींसाठीही एक सूचना. मेन डायनिंग रूममध्ये स्टार्टर दोन घेतले तरी कोणी काही म्हणत नाही. मुख्य पदार्थाचं तसं राहिलेलं नाही. लॉबस्टरच्या रात्री दुसऱ्या शेपटीला रॉयल कॅरिबियन पैसे लावते. कार्निव्हलवर तिसऱ्या मुख्य पदार्थापासून बिल सुरू होतं.

## पॅकेज घेतलं, टेबल कुठे आहे?

सगळ्यात जास्त तक्रारी इथे होतात. पॅकेज घेणं आणि टेबल मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमर्याद पॅकेज घेतलं तरी अनेकदा वेबसाइटवर पहिल्या जेवणाचीच वेळ ठरते. बाकीच्या वेळा बोटीवर ठरवाव्या लागतात. लोक चढल्यावर आधी बुफेत जातात, मग तलाव, मग संध्याकाळी रेस्टॉरंट. तोवर साडेसात-आठच्या जागा गेलेल्या असतात आणि उरते पाच वाजताची किंवा साडेनऊची. भारतीय पोटाला पाच वाजता जेवण म्हणजे शिक्षा.

म्हणून चढल्या-चढल्या, सामान खोलीत पोहोचायच्याही आधी, रेस्टॉरंटच्या दारावरच्या डेस्कपाशी जा आणि सगळ्या रात्री एकदम ठरवून घ्या. त्याआधी ॲपमध्ये नाटकाच्या वेळा बघा. निवांत जेवणाला दोन तास, तेप्पान्याकीला दीड तास धरा. आठचं टेबल आणि नऊचा शो हे एकत्र बसत नाही. वेळा बोटीच्या घड्याळाच्या. फोन बंदराप्रमाणे वेळ बदलू शकतो, भिंतीवरचं घड्याळ खरं.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. टूर कंपनीने खोल्या एकदम धरलेल्या असतात आणि प्रवाशाच्या हातात रिझर्व्हेशन नंबरच नसतो. तो नसेल तर ॲपमध्ये बुकिंग दिसत नाही, आणि आधीची सवलत असतानाच्या दरात पॅकेज घेता येत नाही. बोटीवरचा दर बहुतेक वेळा त्याहून जास्त असतो. नंबर मागून घ्या, तो तुमचाच आहे.

## 'बोली लावा, स्वीट मिळवा' हा काय प्रकार?

निघायच्या काही आठवडे आधी ईमेल येतो: रिकाम्या राहिलेल्या वरच्या खोलीसाठी तुम्ही किती जादा द्याल? रॉयल कॅरिबियनमध्ये याला रॉयलअप म्हणतात. स्वीटचे बोटीवरचे हक्क मिळतात, लॉयल्टीचे पॉइंट मात्र मूळ खोलीचेच. बोलीचा आकडा माणशी असतो. २०० लिहिलं की दोघांचे ४००. मंजूर झाली की कार्डावरून पैसे लगेच कापले जातात, परत मिळत नाहीत, आणि खोली कुठल्या मजल्यावर, कुठल्या टोकाला हे कंपनी ठरवते. ज्युनिअर स्वीट सोडला तर ग्रॅच्युइटीही स्वीटच्या दराने बसते. ज्युनिअर स्वीटला लाउंज आणि कॉन्सिअर्ज नाहीत, त्यामुळे त्याच्यावर मोठी बोली लावण्यात फारसा अर्थ नाही. स्कायच्या पायरीवर लावलेली बोली लागली तर ती खरी कमाई.

## बिल

बोटीवर रोख चालत नाही. खोलीचं कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर. चढताना क्रेडिट कार्ड जोडतात. डेबिट कार्ड जोडू नका, कारण खर्चाच्या अंदाजाने रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती सुटायला कित्येक दिवस लागतात. रुपयांत बिल करायचं का, असं विचारलं तर नाही म्हणा. तो विनिमय दर महाग असतो. भारतातल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचा आकार २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो.

परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ गोळा केलेला आयकर, कापतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्याचं प्रमाणपत्र मागा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवण्याआधी ॲपमध्ये किंवा खोलीतल्या टीव्हीवर खातं उघडून एकेक ओळ बघा. पॅकेजवर जेवलेल्या रात्री कव्हर चार्जपुढे शून्य दिसायला हवं. वेटरने पॅकेजऐवजी कार्डावर टाकलं असेल तर तिथे ५५ डॉलर आणि खाली ९.९० ग्रॅच्युइटी अशा दोन ओळी दिसतील. त्याच रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा, पाच मिनिटांत निघतं. सकाळी सातला त्याच काउंटरपुढे वळणावळणाची रांग असते, आणि बंदरावर उतरलात की मग फक्त ईमेल उरतो.